मोटर काढलेला माग

टेमघरला माझ्या शेजारच्या खोलीत काका एकटेच राहतात. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे शांत खोलीतही ओरडूनच बोलतात. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा त्यांनी छोटा माग जोडलाय, मोटरवर चालणारा. परवा कामगारांच्या सभेची पत्रकं द्यायला गेलो, तर मोटर काढलेली आणि मागाच्या दोन टोकांना दोन दांडे. एकट्याला फिरवताच येणार नाहीत असे.

“काका, यंत्र माणसाला मोकळं करायला असतं!” मी भाषण ठोकलं.

“मोकळाच हाय मी! मोटर असली की तू दारातूनच बघून सटकतोस. बस, तो दांडा धर.”

सभेला उशीर होत होता. तरी बसलो. पहिल्याच फेऱ्याला धागा तुटला.

“आता जोडायला टाइम लागंल!” काका आनंदानं ओरडले.