यादीतली मयत बाई

इतवारीतल्या आमच्या मतदान केंद्राची यादी बरीच वर्षं माझ्याकडे होती. मी शाळामास्तर, घरोघरी जाऊन नावं तपासायची, हे वरचं काम. एका उन्हाळ्यात तीन जिने चढायचा मला कंटाळा आला. खालच्या भांडेवाल्याला विचारलं, "वरच्या आजी आहेत का?" तो म्हणाला, "लय दिवस झाले, दिसून नाही राहिल्या." मी नावापुढे 'मयत' लिहिलं. आजी लेकीकडे गेल्या होत्या.

लोकसभेच्या मतदानाला त्या आल्याच. नाव कापलेलं, म्हणून मत देता येईना. तोवर एकही निवडणूक त्यांनी चुकवली नव्हती आणि त्यांचा उमेदवार एकदाही निवडून आला नव्हता.

"काहून गा मास्तर, मी मेली काय? मले कोनं सांगतलं बी नाही!"

रांग हसली. मीही हसलो. "वरूनच चूक झाली असेल, आजी."

"मंग यंदा माहा मानूस जिंकते. माहं मत नाही ना त्याले!"

तो हरलाच, आणि मतांचा फरक मोठा होता. त्या फरकाच्या आड मी पुष्कळ वर्षं लपलो. नवा अर्ज घेऊन गेलो, तर त्यांनी सही केली नाही. "मेलेल्या बाईले आता कायले जिवंत करता?"

गेल्या वर्षी त्या वारल्या. मी निवृत्त झालो तरी त्यांची सून दाखला घेऊन नाव कापायला माझ्याकडेच आली.

"ते आधीच कापलं आहे," मी म्हणालो.

कोणी, हे तिनं विचारलं नाही. मी कापलं होतं.