शकूची चादर

मी बोलकी बाई आहे. घरचे वैतागतात इतकी बोलकी. पण पन्नास वर्षांत एक गोष्ट तोंडातून बाहेर पडली नाही — नवऱ्यालाही सांगितली नाही, तो बिचारा न ऐकताच गेला. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

शकू माझ्याच गावची, आष्टीकडची. घरचे मेंढरं राखणारे. शाळेत मास्तरांनी तिला दुसरीतून उचलून चौथीत बसवलं, पुढे पाचवीतून सातवीत. तेराव्या वर्षी पोरगी मॅट्रिक झाली. कागदावर पंधरा लिहिलं होतं, कारण फॉर्म भरताना मास्तरांनी वय वाढवून टाकलं होतं. मीही त्याच वर्षी मॅट्रिक झाले. दुसऱ्या खेपेला. माझं वय अठरा होतं, आणि ते मात्र कुणी कमी केलं नव्हतं!

गावच्या सोसायटीचे चेअरमन आबा. त्यांना शकूचा कोण अभिमान! आपल्या गावची एवढीशी पोर बीडच्या कॉलेजात जाणार म्हणून त्यांनी सोसायटीच्या बैठकीत ठराव करून घेतला — तिचा वसतिगृहाचा सगळा खर्च सोसायटी करणार. पण एवढं लेकरू एकटं कसं पाठवायचं? मग कुणीतरी माझं नाव घेतलं. शकूच्या सोबतीला मी जायचं, तिच्याबरोबर माझंही शिक्षण सोसायटीच करणार. माझ्यासाठी तेव्हा स्थळ आलं होतं, जवळजवळ ठरलंच होतं. ते मागे पडलं. म्हणजे नीट ध्यानात घ्या — मी कॉलेजात गेले ती माझ्या अकलेनं नाही. शकूची सोबत म्हणून गेले.

ते बहात्तरचं साल. दुष्काळ म्हणजे काय ते आमच्याकडच्या लोकांना सांगावं लागत नाही. शकूची आई काशीबाई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. वसतिगृहात टँकर यायचा, आणि प्रत्येकीला एक बादली. दोन दिवसांतून एकदा. त्यातच अंघोळ, त्यातच धुणं.

वर्गात शकूचे पाय बाकावरून जमिनीला टेकायचे नाहीत. मुलं तिला बारकी म्हणायची. गणिताचे सर फळ्यावर उदाहरण लिहून वळायचे, तोवर हिचं उत्तर तयार. आणि तास संपला की हीच पोरगी व्हरांड्यात बसून एकटीच सागरगोटे खेळायची. मला गणित यायचं नाही, तर मला ती सागरगोटे मांडून शिकवायची. मी चुकले की माझ्या डोक्यात टपली. पाच वर्षांनी लहान पोर मला टपली मारायची आणि मग लगेच पाठ फिरवून बसायची — घाल वेणी म्हणून. मला सख्खी बहीण नाही. होती ती शकूच.

आणि शकू अंथरूण ओलं करायची.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं. पहाटे पाहिलं तर पोरगी ओल्या चादरीवर ताठ बसलेली, रडणंसुद्धा विसरलेली. मला म्हणाली, "अक्के, कुनाला सांगू नको. आईची आन हाय तुला." मी चादर ओढून घेतली आणि माझ्या बादलीत भिजवली. अंघोळ? त्या दिवशी केली नाही. नंतरही कित्येकदा केली नाही. मागच्या भिंतीवर मी चादर वाळत घालायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, माझ्या हातून तांब्या सांडला. पोरी मला वेंधळी म्हणायच्या. म्हणू देत. झोपताना तिच्या वेणीची रिबीन मी माझ्या मनगटाला बांधून ठेवायची, तुला जाग आली की ओढ, मी बाहेर नेते म्हणून. सहा महिने आम्ही असं काढलं. संक्रांतीनंतर चादर एकदाही ओली झाली नाही. एकदाही नाही — हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथवर सांगायला मला मजा येते. इथवरची मी मला आवडते. इथेच थांबता आलं असतं तर?

उन्हाळ्यात परीक्षा झाली. शकू पहिली आली, मी काठावर. गणिताचे सर आमच्या खोलीशी आले, हातात पेढ्यांचा पुडा. आमच्या कॉलेजात पुढे गणित नव्हतं, त्यामुळे सरांनी परस्पर सगळं जुळवलं होतं. औरंगाबादच्या मोठ्या कॉलेजात प्रवेश, आणि राहायला सरांची बहीण. स्वतःच्या मुलीसारखी ठेवीन असं बहिणीनं कळवलं होतं. शकू आनंदानं नाचली, अगदी खरंच नाचली, व्हरांड्यात, दोन्ही हात वर करून. आणि मला मिठी मारून म्हणाली, "अक्के, तू बी चल!"

मी बी कशी जाणार? तिथं सोबत लागणार नव्हती. सोबत लागणार नाही म्हटल्यावर सोसायटी मला कशाला पोसेल? बॅग भरायची, घरी जायचं, ते स्थळ अजून थांबलेलं होतं. हे सगळं मला पेढा गिळायच्या आत कळलं. गणित येत नव्हतं म्हणते खरी, पण हे बरोबर आलं.

दोन दिवसांनी आबा आले. ते नेहमी मलाच विचारायचे, तिला नाही. वसतिगृहाच्या फाटकापाशी लिंबाखाली उभे होते, भर दुपारी, घाम पुसत. म्हणाले, "सर लई मागं लागलेत. तुला काय वाटतं? ऱ्हाईल का पोरगी लोकाच्या घरात?"

आणि मी — काय सांगू — मी मान खाली घातली. लाजल्यासारखी. जणू काही बोलू नये ते बोलावं लागतंय. म्हणाले, "आबा, ती अजून अंथरूण ओलं करती. रोजच."

अजून. रोजच. दोन शब्द. दोन्ही खोटे.

आबांनी पुन्हा एकदा घाम पुसला. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. परक्याच्या घरी हे कळलं तर गावाचं नाक कापलं जाईल." चांगला माणूस होता. शकूची लाज राखावी म्हणून खरं कारण त्यांनी सरांनाही सांगितलं नाही. सरांना सांगितलं, पोरीची आई नको म्हणते. शकूलाही तेच सांगितलं.

मी शेजारीच उभी होते. शकूनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

सुट्टीत गावी गेल्यावर शकूनं आईशी अबोला धरला. महिनाभर. आईनं चुलीपाशी झाकून ठेवलेलं खायची, पण तिच्या हातून काही घ्यायची नाही, बोलायची नाही. एकदा मी तलावाच्या कामाजवळून जात होते, काशीबाईनं मला हाक मारली. खडीच्या ढिगावर बसलेली, हातात हातोडा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. दुष्काळी कामावर खायला वाटायचे त्या सुकडीतला घास तिनं शकूसाठी पदरात बांधून ठेवला होता. मला विचारलं, "बाई, तू तिच्या संगं ऱ्हातीस. माजी पोरगी माज्याशी बोलत कावून न्हाई? माजं काय चुकलं?"

सांगायची ती वेळ होती. दुसरी असूच शकत नाही. मी म्हणाले, "अभ्यासाचा ताण हाय, मावशी. व्हईल बरं." तिनं पदरातली सुकडी सोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तूच दे तिला, माज्या हातची घ्यायची न्हाई. मी ती नेऊन दिली.

शकू मराठी घेऊन बी.ए. झाली. मीही झाले, तिच्याच सोबतीनं. दोघींना शाळेत नोकऱ्या लागल्या, दोघींची लग्नं झाली. गणित तिनं सोडलं. सागरगोटे कुठे गेले ते मी विचारलं नाही. आईशी ती पुढे बोलू लागली, पण कामापुरतं, आणि काशीबाई त्यातच गेली. मला मात्र शकूनं कधी अंतर दिलं नाही. दर दिवाळीला पहिला फराळाचा डबा अक्काच्या घरी. माझ्या बाळंतपणाला ती आली होती, माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यातही तीच आली. माझी लेकरं तिला मावशी म्हणतात. मी तिच्यावर जीव टाकते. हे खोटं नाही हो. ते दोन शब्द सोडले तर बाकी काहीच खोटं नाही.

ती गेवराईला मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, तेव्हा मोठा समारंभ केला होता. मला पहिल्या रांगेत बसवलं. भाषणाला उभी राहिली आणि समोरच्या पालकांना म्हणाली की हुशार पोरगी असली की सगळे तिला पुस्तकं देतात, पण ती अजून लहान आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग हसत हसत, सगळ्या गावासमोर, स्वतःच सांगून टाकलं — मी कॉलेजात असताना अंथरूण ओलं करायचे. लोक हसले. तीही हसली. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या दुष्काळात ह्या माझ्या अक्कानं स्वतःच्या वाटणीचं पाणी माझ्या चादरीवर ओतलं. आणि आजपर्यंत कुणाला कळू दिलं नाही."

टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

मग तिचा आवाज जरा उतरला. म्हणाली, "माझी आई अडाणी होती. तिनं मला औरंगाबादला जाऊ दिलं नाही. खूप वर्षं राग होता मनात. आता नाही. मी आईला माफ केलंय." तिला सत्काराची शाल मिळाली होती, ती खाली उतरून तिनं माझ्या खांद्यावर घातली. मी ती घेतली. घरी आणली. घडी करून कपाटात ठेवली आहे.

शकू, तुझी आई नको म्हणाली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. नको म्हणाले ती मी.