दाजींचे कान

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लोकांच्या घरी होम थिएटर बसवतात. मी सुतार. टीव्ही आणि स्पीकर ज्या लाकडी युनिटमध्ये बसतात ते मी करतो, त्यामुळे गेली अठरा वर्षं आम्ही दोघं गिऱ्हाइकांच्या घरांत बरोबरीने धूळ करत आलोय. मेहुणा म्हणून त्यांची चेष्टा करायचा मला हक्क आहे आणि तो मी मनसोक्त बजावतो. त्यांच्या कामाची चेष्टा मात्र कधी केली नाही, कारण तिथे बोट ठेवायला जागाच नव्हती.

घुमणाऱ्या आवाजाचा तो जड डबा, सबवूफर, खोलीत कुठे ठेवायचा हे ठरवायची त्यांची पद्धत बघण्यासारखी असे. डबा उचलून सोफ्यावर ठेवायचा, मालक बसतो तिथेच. गाणं लावायचं. आणि मग स्वतः हातापायांवर ओणवं होऊन भिंतीच्या कडेकडेने रांगत सुटायचं. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस दर हातभर अंतरावर मान खाली घालून ऐकतोय! जिथे नुसतं ढमढम न होता आवाज भरून येईल तिथे खडूने खूण करायची आणि डबा तिथे आणायचा. एका घरी आजोबांनी काळजीने विचारलं, "काही पडलंय का हो तुमचं?" दाजी रांगता रांगताच म्हणाले, "हो, आवाज. सापडेल आता."

टीव्हीच्या चित्राचंही तसंच. दुकानात उठून दिसावी म्हणून ठेवलेली निळसर, भडक सेटिंग ते आल्या आल्या मोडून टाकत. मालक हमखास ओरडायचे, "अहो, हे पिवळं दिसतंय!" दाजी शांतपणे सांगायचे, "पंधरा दिवस बघा. तुमच्या डोळ्यांना निळ्याची सवय लागलीय, सवयीला खरं समजू नका." पंधरा दिवसांनी कोणाचाही फोन येत नसे.

आवाज ते फक्त कानाने लावत. अँप्लिफायरच्या खोक्यात एक छोटा माईक येतो. तो सोफ्यावर ठेवला की यंत्र आपलं आपणच खोली मोजतं आणि सगळे स्पीकर जुळवून घेतं. दाजींनी तो माईक कधी पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नव्हता. "त्या बोंडाला काय डोंबल कळतंय?" त्यांच्याकडे स्वतः केलेलं एक जुनं रेकॉर्डिंग होतं. किल्ल्यांचा जुडगा, कागद चुरगळल्याचा आवाज, पेल्यात ओतलेलं पाणी, आणि साबणाच्या पुड्यावरच्या सूचना वाचणारी माझी ताई. हे कानाला खरं वाटेपर्यंत बटणं फिरवायची. लोक एकमेकांना त्यांचं नाव सांगत ते ह्याच कानांमुळे. दुसरी जाहिरात त्यांनी केली नाही.

गेल्या वर्षी आम्ही एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडे काम केलं. एकट्या राहणाऱ्या, नीटनेटक्या बाई. नोकरी संपल्यावर आता शांतपणे सिनेमे बघायचे, एवढी एकच हौस. महिन्याभरात त्यांचा दोनदा फोन आला. अर्धा तास झाला की कपाळ दुखतं, म्हणाल्या, माणसं बोलताना प्रत्येक शब्दाची शिट्टी वाजते. दाजी दोन्ही वेळा जाऊन ऐकून आले. "तुमच्या कानांना सवय नाही," असं सांगून आले. परत येताना माझ्यापाशी कुरकुरले, "हल्ली लोकांचे कानच नाजूक झालेत. वर्षभरात ही चौथी तक्रार." मी हो ला हो केलं. खरं सांगायचं तर मलाही त्या घरात टोचत होतं. पण आवाजाच्या बाबतीत दाजींना शिकवायचं म्हणजे अति झालं असतं.

तिसऱ्या फोनला मीही गेलो, कारण कपाटाचं एक दार घासत होतं. बाईंनी तोवर माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून, माईक लावून, सगळं स्वतःच जुळवून ठेवलं होतं. दाजींनी ऐकलं आणि त्यांचा पारा चढला. "मारून टाकलंत हो सगळं! गोधडीखालून आल्यासारखं येतंय." मी बिजागरी हातात धरून उभा राहिलो. मला तर त्या घरात पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

दाजींनी सगळं पुसून पुन्हा आपल्या कानाने लावलं आणि आपलं रेकॉर्डिंग सुरू केलं. किल्ल्या अशा वाजल्या की माझे दात शिरशिरले. बाई शेवटपर्यंत ऐकत बसल्या आणि मग म्हणाल्या, "बाकी जाऊ द्या, पण हा रातकिडा मध्येच कुठून आला?"

"कुठला रातकिडा?"

"पाण्याच्या आवाजाच्या मागे. केवढा ओरडतोय."

दाजी हसले आणि माझ्याकडे वळले. मी खाली बघितलं. मग म्हणालो, "आहे दाजी. मलाही येतोय."

त्यांनी पाण्याचा तुकडा परत लावला. मग आवाज वाढवून परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बाईंनी कानांवर हात ठेवले आणि दाजींनी घाईघाईने बंद केलं. एरवी रांगायला ओणवे होत तिथेच ते जमिनीवर बसले. "गच्चीवर केलं होतं हे रेकॉर्डिंग," ते म्हणाले. "त्या रातकिड्याला तेव्हा मी शिव्या घातल्या होत्या. तो आहे त्याच्यात. मलाच ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कान तपासायला नेलं. बारीक, उंच पट्टीचे आवाज दोन्ही कानांना ऐकू येईनासे झाले होते. वय झालं, आणि इतकी वर्षं कानाजवळ ड्रिल चालवलं, दोन्हीचा परिणाम. औषध नाही. रोजच्या बोलण्याचालण्यात काही अडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताईने कपाळावर हात मारला. "दोन वर्षं हाका मारतेय! मला वाटलं, मुद्दाम ऐकत नाहीत. नवऱ्यांना असतेच ती खोड." ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

दाजींच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. दोन वर्षं त्यांनी प्रत्येक घरात स्वतःला ऐकू येईपर्यंत आवाज धारदार केला होता. त्यांनी डायरी काढून घरं मोजली. तेवीस निघाली. मी त्यांना सल्ला दिला, आणि आज त्याची लाज वाटते. म्हटलं, "यापुढे माईक वापरा आणि गप्प बसा. कोणाला कळणार आहे? कान गेल्याचं बाहेर समजलं तर तुम्हाला बोलवेल कोण?"

"बरोबर आहे तुझं," दाजी म्हणाले. "पण तेवीस घरांतली माणसं डोकं धरून बसलीयेत आणि मी त्यांचे कान नाजूक म्हणत फिरतोय."

ते प्रत्येक घरी गेले. आडपडदा न ठेवता सांगत, "माझे कान गेलेत. तुमचा आवाज मी चुकीचा लावलाय, दुरुस्त करायला आलोय." मी बरोबर असायचो, पेटी उचलायला म्हणून. काही जण हसले. काहींनी चहा पाजला. एक गृहस्थ म्हणाले, पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला बघतो, वाईट वाटून घेऊ नका. एका बंगल्यातल्या मोठ्या हॉलचं ठरलेलं काम हातातून गेलं. ऐकू न येणारा आवाजवाला, अशी गंमतही कोणीतरी केली, ती फिरत फिरत आमच्यापर्यंत आली. दाजींनी ऐकून घेतली आणि पुढच्या घराची वेळ ठरवली.

बाईंचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तिथे त्यांनी जास्तच टोलवाटोलवी केली होती ना. बाई एवढंच म्हणाल्या, "या. शिक्षकाची चूक मुलांनी दाखवली की मलाही दोन दिवस जेवण जात नसे." माईकने खोली मोजून झाली. पण यंत्राने जुळवलेलंही जरा कोरडंच वाटतं, माणसागणिक थोडं वरखाली करावं लागतं. इतकी वर्षं ते थोडंसं दाजींचे कान करायचे. आता ते कोण करणार, ह्याची काळजी मलाच लागली होती.

दाजींनी बाईंना त्यांच्या रोजच्या खुर्चीत बसवलं, त्यांचा आवडता सिनेमा लावला आणि स्वतः स्पीकरकडे पाठ करून बाईंच्या समोर, जरा बाजूला, स्टूल घेऊन बसले. रिमोटने उंच पट्टीचा आवाज एक पायरी खाली. थांबले. आणखी एक खाली. मग एक वर, मग परत अर्धी खाली. बाई पडद्याकडे बघत होत्या, दाजी बाईंकडे. इतका अवघड प्रसंग, पण माणूस एकदाही चुळबुळला नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. थोड्या वेळाने त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला.

बाई कितीतरी वेळ तशाच बघत राहिल्या. दृश्य संपल्यावर म्हणाल्या, "आता अगदी बरोबर. तुम्हाला कसं वाटतंय?"

"गोधडीखालून आल्यासारखं," दाजी म्हणाले. "मला यापुढे ते तसंच वाटणार."

"मग कुठे थांबायचं ते कसं कळलं तुम्हाला?"

"तुमच्या कपाळावरची आठी गेली तेव्हा थांबलो."