विलिकेसाचा याकाचा दोर

विलिकेसाला गावात नावानं हाक मारतच नसत. सगळे त्याला ‘याका’ म्हणत. याका म्हणजे ती बाहेरून आलेली वेल. डोंगर गिळते, कसाव्याची शेतं गिळते, दुपारी कुणी जरा जास्त वेळ आडवा झाला तर त्यालाही गिळेल. पूर्वजांनी ती होडीतून आणली कंदासाठी आणि जाळी विणायच्या वाखासाठी. मग नायलॉन आलं आणि वेल मोकाट सुटली. वाख काढणारा उरला एकटा विलिकेसा, आणि त्याच्या अंगाला कुजवलेल्या वेलीचा तो प्रसिद्ध वास.

त्याचा आतेभाऊ अपाकुकी, म्हणजे त्याचा ‘तावाले’, हक्काचा चेष्टेकरी, राजधानीहून, सुवाहून, तणनाशकाचा पंप घेऊन आला होता. डोंगर साफ करतो म्हणाला. विलिकेसा तडक गावच्या सरदाराच्या पायरीशी जाऊन बसला. शेवटी ठरलं असं, की नाताळच्या मासेघेराला, म्हणजे गावानं मिळून दोराच्या घेरात मासे कोंडायच्या दिवशी, दोर याकाचा. मासा मिळाला तर वेल राहील, नाही तर दुसऱ्याच दिवशी फवारणी.

मग काय विचारता! विलिकेसानं वेल कुजवली, सोलली, मांडीवर वळली, तुकडे गाठी मारून जोडले आणि मासे बुजवायला दोराला नारळाच्या झावळ्या गुंडाळल्या. ओहोटी लागताच अख्खं गाव दोर धरून समुद्रात उतरलं आणि पाणी बडवत, आरोळ्या देत घेर आवळू लागलं. आत मासे नुसते उसळत होते. आणि नेमकी विलिकेसाच्या हाताखालची गाठ पाण्यात सुटली. त्यानं चपळाईनं दोन्ही टोकं मुठीत धरली खरी, पण तोवर शाळा सुटावी तसे मासे फटीतून पसार झाले होते. गाठीचं कुणाला कळलं नाही. घेर रिकामा निघाला, एवढं मात्र सगळ्यांना दिसलं.

अपाकुकी दात काढत आला. “काय तावाले, तुझी वेल माशांना पाहुणचार करून घरी सोडते वाटतं?”

विलिकेसाच्या तोंडून निघून गेलं, “दोराला कशाला बोलतोस? पाण्यात कुणीतरी पोटुशी आहे, आणि लपवून उतरलीये.”

लपवलेलं पोट पाण्यात उतरलं की मासा पळतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बायकांच्या नजरा एकमेकींच्या पोटावर. नव्या सुना शपथा घेऊ लागल्या, पाद्रीबुवांची पोरगी तर रडायलाच लागली. विलिकेसानं थाप तर मारली, आता निस्तरायची कशी? गाठीचं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तोच मागून आवाज आला.

“त्या पोरीला नका रडवू. मी आहे.” अपाकुकीची बायको केलेरा कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. धाकट्या लेकाला मिसरूड फुटलेलं, आणि ही! “तिसरा महिना लागलाय. या वयात कुठल्या तोंडानं सांगू?”

आधी सरदार हसला, मग सगळा किनारा. अपाकुकी तेवढा आ वासून उभा.

दोष दोराचा नाही असं ठरलं, फवारणी थांबली. दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला केलेराला वाळूवर चटई घालून बसवलं आणि पुन्हा घेर धरला. त्याआधी विलिकेसानं गाठ गुपचूप नव्यानं मारली होती. या खेपेला इतका मासा आला, की टोपल्या संपल्या आणि बायकांनी झगे पसरले. अपाकुकीनं पंप उचलला आणि परतीच्या बोटीवर चढवला.

गाव म्हणालं, पोट कबूल झालं म्हणून मासा आला. विलिकेसा नारळाच्या दुधातला मासा ओरपत मान डोलावत होता. दोनचार घास पोटात गेल्यावर त्याला ते पटूही लागलं. जन्मात त्याची गाठ कधी सुटली नव्हती, ती त्याच दिवशी बरी सुटली! केलेराच्या पोटापायीच सुटली असणार.