गोल कट्ट्याच्या मधोमध

“मावशी, आता तुम्ही चालून दाखवा. बघू, पोरीने बरोबर केलंय का.”

नेरूळच्या बागेतला गोल कट्टा. रविवारची सकाळ. कट्ट्यावर हास्यक्लबची वीसेक माणसं. मधोमध मी. आणि हातात पाइप धरून उभी माझी आई.

तिने पाइप खाली ठेवला. चालून दाखवलं.

कमरेत वाकून, डावा पाय ओढत, चार पावलं. मी नक्कल केली होती तशीच.

लोक हसले. त्यांचं रोजचं हा हा, हो हो नाही. ते व्यायामाचं. हे खरं हसू. एका काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “सेम टू सेम!”

मी पण हसले. हे सांगायलाच पाहिजे.

नकला मी लहानपणापासून करते. कोरेगावला, मामाच्या गावच्या शाळेत हेडमास्तरांचा खोकला असा काढायचे, की अख्खा वर्ग उभा राहायचा. दहावी झाली आणि आईकडे आले. आई या बागेत कंत्राटावर माळीकाम करायची. मी सकाळी तिचा डबा आणायचे. एकदा मी भाजीवाल्याची नक्कल करताना हास्यक्लबच्या प्रमुख काकांनी मला बघितलं. “ये गं, आम्हालाही हसव.” मला मधे उभं केलं. मला वाटलं, झालो आपण मेंबर.

त्या रविवारी रिक्षावाला केला. मॉलचा वॉचमन केला. मग काका म्हणाले, “आता आईची कर.”

केली. सोपी होती. “आवं सायेब, पाय वर घ्या, पानी लागंल.”

आणि मग त्यांनी आईलाच बोलावलं. ती नाही कशी म्हणणार? काकांचा एक फोन गेला की कंत्राटदार हजेरी बंद करतो.

घरी जाताना ती एवढंच बोलली, “ब्येस केलीस. अशीच चालते मी.”

कानफटात दिली असती तर बरं झालं असतं.

तो पाय का ओढतो, ते मला माहीत होतं. ही बाग बांधली तेव्हा मला मामाकडे ठेवून आई इथं बिगारी होती. याच कट्ट्याचा दगड तिच्या पायावर पडला. तेव्हा बागेचा नकाशा काढणारे साहेब बिगाऱ्यांबरोबर खाली बसून चहा प्यायचे. काडीने मातीत काढून दाखवायचे. फाटकं दोन, एक टॉवरच्या बाजूला, एक गावाच्या. कुंपण कमरेएवढंच. आणि कट्टा गोल. “गोलाला वरची बाजू नसते. कुणीही कुठेही बसावं.” आई हे सांगताना साहेबांसारखं बोट हवेत फिरवते. नकला माझ्यात तिच्याकडूनच आल्यात.

आता गावाच्या फाटकाला कुलूप. कट्ट्यावर पाटी, ‘सकाळी फक्त सभासद’. आई डबा खायची पंपाच्या खोलीमागे.

बरोबर होतं साहेब तुमचं, गोलाला वरची बाजू नसते. पण मधली जागा असते. तिथं तिला उभं केलं त्यांनी. आणि तिथवर आणली मी.

पुढच्या रविवारी मी मधे गेले नाही. कट्ट्यावर काकांच्या शेजारी बसले. डबा उघडला. भाकरी, खर्डा.

“काय गं, आज कोणाची?”

“आज कोणाचीच नाय.”

“मग ऊठ. ही मेंबर्सची जागा आहे.”

“काका, बाग पब्लिकची आहे. मी पब्लिक आहे.”

आवाज माझाच होता. सवय नव्हती त्याची. फाटका निघाला.

“कंत्राटदाराला फोन करू?”

लांबून आई मान हलवत होती. ऊठ, ऊठ.

मी नाही उठले.

त्यांनी फोन केला. आईला सीवूड्सला रस्त्याच्या दुभाजकावर टाकलं. दिवसभर ऊन, दोन्हीकडून गाड्या. चार दिवसांनी रात्री ती पाय चोळत बसली. मग म्हणाली, “मस्ती तुजी, पाय माजे.”



तरी दर रविवारी मी तिथं बसते. खर्ड्याच्या वासाने काकू नाक दाबतात. दाबू दे. पाटी मी उचकटली. त्यांनी परत लावली. मी परत उचकटली.

सीवूड्सच्या कामाला रविवारी सुट्टी असते. आई म्हणते, “मी नाय येनार.” आणणार मी तिला. गावाच्या फाटकातून, कुलूप काढायला लावून. हातात पाइप नसेल. चालेल ती तिची तशीच, पाय ओढत. येऊन कट्ट्यावर बसेल.

हसून दाखवा तेव्हा. मी समोर बसून एकेकाचं तोंड बघणार आहे. तोंडं मी विसरत नाही.