पलीकडचं राज्य

रस्ता ओलांडला की आपण सुटलो, असं मला वाटलं होतं. अशी मी शहाणी!

देवासात तेव्हा दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती. गावाबाहेर नवी वस्ती वाढत होती, तिच्या मधूनही हीच हद्द. रस्त्याच्या अलीकडे थोरली, पलीकडे धाकटी. दक्षिणेतले कारकून आले, इंदूरचे व्यापारी आले, आणि त्यांच्या भिंती रचायला आम्ही महार आलो. आमची झोपडी कडेला, त्यांच्या मर्जीवर. अलीकडच्या शिपायानं पलीकडे पाऊल टाकायचं नाही, ही रीत. चोर पलीकडे पळायचे आणि तिथून वाकुल्या दाखवायचे. मी डोळ्यांनी पाहिलेलं.

भाऊ तापानं फणफणला होता. घरात पाण्याचा थेंब नाही. आम्ही विहिरीच्या काठाखाली घागर घेऊन उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. सकाळपासून उभी होते. बायका आल्या, भरून गेल्या. ऊन डोक्यावर आलं. मग मीच काठावर चढले आणि पोहरा सोडला.

"ए छोरी, रुक!" रखवालदार ओरडला.

भरली घागर घेऊन मी रस्त्यापार. वळून त्याला जीभसुद्धा दाखवली. काय तो माझा रुबाब!

मागून कुणीतरी वेणी धरली. धाकट्या पातीचा रखवालदार.

"आव भिया, पकडी ली थारी चोट्टी!"

आणि तो भिया, विहिरीवरचा रखवालदार, खुशाल रस्ता ओलांडून आला. एरवी दिव्याच्या एका खांबावरून भांडणारी ही माणसं. माझ्यावर मात्र एकमत. हद्द चोराला वाचवायची, महाराच्या पोरीला नाही.

घागर फोडली. ओट्यांवर माणसं जमली. एक कारकून म्हणाला, "विहीर बाटवली. नाक घासू दे, नाहीतर झोपडी उठवा."

माझा परकर ओला झाला. ते पाणी घागरीचं नव्हतं. गुडघे टेकले. भाऊ कुठं निजेल, एवढंच डोक्यात. नाकाला धूळ लागणार, तोच कारकुनाची मुलगी हसली. माझ्याच वयाची. आणि मान पुढं जाईना. भीती होती तशीच होती, पण मान जाईना.

"नाही घासत." आवाज कसला, शेळीचं बें-बें.

पाठीवर छड्या बसल्या. वळ घेऊन घरी आले, आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता हीही मारणार. तिनं कोपऱ्यातलं मडकं उचललं.

"चल विहिरीवर. आणि या खेपेला पळायचं नाही."