साखळीपलीकडची सोपी फेरी

गेल्या ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्या आतेबहिणीच्या सासऱ्यांना व्हर्जिनियातल्या एका कॉलनीच्या सिक्युरिटी गार्डने रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि पाऊण तास तिथून हलू दिलं नाही. गुन्हा काय, तर चालणं. सोबत सात आजी-आजोबा होते. हत्यारं म्हणाल तर एक छत्री आणि डबाभर आल्याच्या वड्या. या देशात बंदूक घेऊन दुकानात गेलेला माणूस एकवेळ खपून जातो, पण गाडीशिवाय रस्त्यावर दिसलेला म्हातारा खपत नाही. आणि हे काका म्हणजे तर पृथ्वीच्या पाठीवरचे सगळ्यात निरुपद्रवी आणि सगळ्यात हट्टी चालणारे. त्यांना थांबवणं म्हणजे नदीला पत्ता विचारण्यासारखं आहे.

काका सांगलीकडच्या एका पंपाच्या कारखान्यात इंजिनियर होते. तरुणपणी कंपनीने त्यांना दीड वर्षासाठी इंग्लंडात पाठवलं, आणि एका जुन्या दगडी खेड्यात एका म्हातारीच्या घरी त्यांची राहायची सोय झाली. रविवारी दुकानं बंद, करायला काही नाही. म्हातारीने त्यांच्या हातात नकाशा दिला आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरात दिसू नका म्हणून बाहेर काढलं. तिथे त्यांना तो साक्षात्कार झाला, जो ते आजतागायत भेटेल त्याला सांगतात: तिथे वाट थेट दुसऱ्याच्या शेतातून जाते, गव्हातून, मेंढरांतून, कधी कुणाच्या परसातून, आणि मालकालाही ती बंद करता येत नाही, कारण लोक तिथून पिढ्यान् पिढ्या चालत आलेत. काका म्हणतात, "म्हणजे आपली वहिवाटच की. दीडशे वर्षं राज्य केलं, जाताना सगळं घेऊन गेले, आणि त्यांच्याकडची ही एक चांगली गोष्ट मात्र आपल्याला दाखवलीसुद्धा नाही."

हा माणूस नंतर मुलाकडे सहा-सहा महिने व्हर्जिनियात हर्नडनला येऊन राहू लागला. हर्नडनला सगळं आहे, फक्त पायी जाण्याजोगं काही नाही. पण तिथून अर्ध्या तासावर, इंग्लंडहून आलेल्या गिरणीवाल्यांनी फार पूर्वी वसवलेलं एक गाव आहे: दगडी घरं, पाणचक्की, ओढा, चर्च. त्या चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी आपली मराठी शाळा भरते. नातवंडं आत बाराखडी गिरवतात, आईवडील गाडीत बसून फोन बघतात, आणि भारतातून आलेले आजी-आजोबा बाहेर घडीच्या खुर्च्यांवर रांगेने बसतात, विमानतळावर बॅग न आलेल्या प्रवाशांसारखे. काकांनी पहिल्या शनिवारी ती रांग पाहिली, छत्री उचलली आणि म्हणाले, "उठा. गाव बघून येऊ. सोपं आहे."

काकांच्या 'सोपं' या शब्दावर मात्र कुणी विश्वास ठेवू नये. त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत फेऱ्यांची पत्रकं लिहिली आणि झेरॉक्स करून वाटली. त्यात फेऱ्यांचे तीन प्रकार होते: सोपी, फार सोपी, आणि सूनबाईला सांगू नये. मार्गदर्शन असं: "पाणचक्कीपाशी डावीकडे वळावे. हंस रागीट आहेत, त्यांच्याकडे बघून हसू नये. ओढ्यावरची फळी हलते पण पडत नाही. चर्चमागच्या बाकावर पाच मिनिटे थांबावे, कुलकर्णी वहिनींची गोळीची वेळ होते." कुलकर्णी वहिनी नागपूरला परत गेल्या तरी ती ओळ पत्रकात राहिली, आणि मंडळी अजूनही त्या बाकावर पाच मिनिटं थांबतात.

पोशाख ठरलेला: इस्त्रीची पँट मोज्यांत खोचलेली, वर मुलाच्या कंपनीचं जाकीट, डोक्यावर माकडटोपी. कुत्रं भेटलं की टोपीला हात लावून त्याला आधी वाट द्यायची, मागून येणाऱ्या मालकाला नंतर. आणि फाटक. इंग्लंडच्या म्हातारीने एकच शिस्त लावली होती, की शेतातून जाताना आपल्यामागे फाटक लावायचं. ती काकांच्या हाडात इतकी भिनली, की उघडं काही त्यांना बघवत नाही. शेजाऱ्याचं गॅरेज, ऑफिसातल्या लोकांचे ड्रॉवर, माझ्या आतेबहिणीचा डिशवॉशर, सगळं लावून टाकतात. गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याने फाटक मुद्दाम उघडं ठेवलं होतं, गाईंनी ओढ्यावर जावं म्हणून. काकांनी ते कडी घालून नीट लावलं. गाई दिवसभर फाटकाशी हंबरत उभ्या. दुसऱ्या दिवशी काका मुलाला गाडी काढायला लावून बेसनाचे लाडू घेऊन माफी मागायला गेले. शेतकरी लाडू खाऊन गप्प झाला आणि संध्याकाळी त्याने फाटकावर पाटी लावली, की हे फाटक उघडंच असतं, अगदी खरोखर. काका तिथून जाताना दर वेळी पाटी वाचतात, हात मागे बांधतात आणि भराभर पुढे जातात. उपास मोडायला लावल्यासारखा चेहरा होतो त्यांचा.

माझं आणि त्यांचं भांडण पत्रकांवरून. बसथांबा हलवला, भाडं वाढवलं, फुटपाथ अर्ध्यात सोडला, की मी पत्रक काढते. तो माझा स्वभावच आहे. पुढे पाणचक्कीमागची वाट जिथे नव्या बंगल्यांच्या कॉलनीला लागून जाते, तिथे कॉलनीच्या कमिटीने साखळी लावली, फक्त रहिवाशांसाठी अशी पाटी लावली, आणि मी कडक पत्रक लिहून काकांना दाखवलं. त्यांनी पेन काढलं, 'उद्दाम' खोडलं, 'धनदांडगे' खोडलं, आणि खाली लिहिलं, "गवत ओले असते, बूट घालावेत." मी चिडले. ते म्हणाले, "अगं, राग वाचून कुणी घराबाहेर पडत नाही. वाट पायांनी राहते. चाललो तर वाट, नाहीतर गवत." आणि पुढच्या शनिवारी साखळीवरून पाय टाकून, एकेकाला हात देत, सातही जणांना पलीकडे घेऊन गेले.

मग ऑक्टोबरातला तो शनिवार. कॉलनीतल्या एका घरातून दारावरच्या कॅमेऱ्यात कुणीतरी पाहिलं: टोप्या घातलेली अनोळखी आठ माणसं, हळूहळू चालतायत, घरांकडे बघतायत. फोन गेला, गार्ड आला. काकांनी त्याला वहिवाट इंग्रजीत समजावली आणि मराठी पत्रकही दिलं. त्याने ओळखपत्रं मागितली, ती कुणाजवळ नव्हती. शेवटी त्याने विचारलं, तुमच्यापैकी इथे कुणी राहतं का. मागून एक आजी पुढे आल्या, कोल्हापूरच्या, एरवी फारसं न बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मी राहते. त्या घरात. खाली, तळघरात."

काकांनी भाषांतर केलं, गार्डला पटलं नाही. तेव्हा सगळी वरात त्या दारी गेली. दार उघडलं ते आपल्याच एका माणसाने. गणपतीला आरतीत झांजा वाजवणारा, माझ्या शेजारी बसून मोदक खाल्लेला. फोन त्यानेच केला होता. आई शनिवारी चर्चच्या हॉलबाहेर खुर्चीवर बसून असते अशी त्याची समजूत. जाकीट आणि टोपी घालून उघड्यावर चालणारी आई त्याने कधी पाहिलीच नव्हती, म्हणून कॅमेऱ्यात त्याला ती ओळखू आली नाही.

"आई, तू इथे काय करतेयस?"

"राहते," आजी म्हणाल्या.

तो गार्डकडे बघून, आईकडे बघून पुटपुटला, "आय डिडन्ट नो इट वॉज यू, आई. रिअली."

"आणि मी नसते, तर बरोबर होतं?"

काकांनी सगळ्यांना एकेक आल्याची वडी दिली, गार्डलासुद्धा, आणि जाताना त्या घराचं अंगणातलं फाटक लावून घेतलं.

काकांना त्यांच्या मुलाने घरी खूप समजावलं. बाबा, प्लीज, आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे, कशाला ट्रबल. काकांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. या वेळी साखळी आजींनी आपल्या हाताने काढली. त्या रहिवासी आहेत, आणि ही माणसं त्यांची पाहुणी. कमिटी पेचात पडली. त्यांनी पत्र पाठवलं: मेअखेरपर्यंत शनिवारी सकाळी वाट उघडी राहील, गार्ड बघेल की खरंच कुणी चालतं का. चाललं तर ठीक, नाहीतर तिथे पक्कं कुंपण.

काका नोव्हेंबरात परत गेले. या वर्षी ते येणार नाहीत. इतका लांबचा विमानप्रवास आता नको, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय. सांगलीला सकाळी गच्चीवर येरझाऱ्या घालतात, आणि त्याला ते चालणं म्हणत नाहीत. पण शनिवारी आमची फेरी संपायच्या सुमाराला, तिकडे रात्री जेवायला बसायच्या आधी, त्यांचा फोन येतो. चिखल होता का, फळी अजून हलते का, हे आधी. मग आवाज थोडा खाली आणून, "किती जण होते?"

गेल्या शनिवारी तिघं होतो. आजी, मी, आणि नवे आलेले एक आजोबा, तेही अर्ध्यातून परतले. मी म्हटलं, "अकरा, काका." मग म्हणाले, "अकरा म्हणजे छान. अकरा असले की फळीवर एकेकाने जायचं, सांग त्यांना." इतरांकडे खरं बोलण्याची मागणी करत पत्रकं काढणारी मी, दर शनिवारी एका म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलते आहे. आणि ते तुमच्यामुळे.

तुम्ही हे वाचताय तेव्हा तुमच्या तळघरात कुणाचे तरी आईवडील टीव्ही लावून बसलेत. तुमचेच. येत्या शनिवारी सव्वानऊला त्यांना घेऊन चर्चच्या दारात या. नुसतं सोडून जाऊ नका, गाडीत बसून फोन बघू नका. खाली उतरा आणि त्यांच्याबरोबर चाला. मला एकदा तरी काकांना खरा आकडा सांगू द्या.